नोरिलिनने सामना बघायचा नाही

“मिस, तुमच्याकडे बालात आहे असं ऐकलं. खरं का?”

आमच्या पुंता गावात एखाद्या तरुण मुलीला असं विचारणं म्हणजे... आता कसं सांगू! त्याने विचारलं तेही अगदी हसतमुखाने, माझ्या खाऊच्या हातगाडीच्या फळीवर दोन्ही हात टेकवून. आणि वर म्हणाला, “जरा बघायला मिळेल?”

माझ्या हातात फिशबॉलबरोबर द्यायच्या व्हिनेगरचा मग होता. पुढच्या क्षणी तो रिकामा झाला होता. समोरचा माणूस लसूण-मिरचीच्या वासात न्हाऊन उभा होता.

“निर्लज्ज!” मी म्हणाले.

“अहो, पण... मी विकत मागत होतो!”

“विकत?”

मी दुसरा मगही भरला असता. पण तो इतका गोंधळला होता की माझा हात आपोआप थांबला. डोळे चोळत तो म्हणाला, “बर्फाच्या कारखान्यात सगळे सांगत होते. बास्केटबॉल कोर्टाच्या स्टेजमागे नोरिलिन केळी तळते ना, तिच्याकडे बालात आहे म्हणून. म्हटलं, चला, तीन आठवडे झाले खाऊन.”

“खाऊन?”

“म्हणजे... कांदा, आलं, मिरची घालून. आणि व्हिनेगर.” त्याने शर्टाकडे पाहिलं. “तेवढं मिळालं.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलण्याच्या हेलावरूनच कळायला हवं होतं, हा दक्षिणेकडचा, बोहोल बेटावरचा. त्यांच्या बोलीत बालात म्हणजे समुद्राच्या तळाशी पडून राहणारा, काकडीसारखा दिसणारा तो बुळबुळीत प्राणी. ते लोक तो कच्चाच चापून खातात.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे बालात म्हणजे जन्मखूण. ज्याच्या नुसत्या बघण्याने संघ हरतो, त्या माणसाला ‘बालात आहे’ म्हणतात. ती खूण अंगावर नेमकी कुठे असते, हेही वाडवडिलांनी ठरवून ठेवलं आहे. बसायच्या जागेवर!

मी त्याला हे कसंबसं समजावून सांगितलं. शेवटची दोन वाक्यं तर तव्यातल्या केळ्यांकडे बघत सांगितली. ऐकता ऐकता तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“आणि मी म्हणालो... जरा बघायला मिळेल?”

“हो.”

“अरे देवा.”

आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो. इतके हसलो, की माझी तीन केळी करपली. ती त्याने हट्टाने स्वतःच खाल्ली. त्याचं नाव रुस्तिको. बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला तो तीन महिन्यांसाठी आला होता. संत पेद्रोचा उत्सव झाला की परत जाणार होता.

हे सगळं मी त्याला विचारलं नव्हतं हं. त्यानेच सांगितलं. बरं, एक-दोन गोष्टी विचारल्या असतील.

*

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी चार हात लांब उभा राहिला.

“एक विचारू? व्हिनेगर खाली ठेवलंत तर विचारतो.”

मी मग खाली ठेवला.

“तुम्ही बघितलं की संघ हरतो, हे कुणी ठरवलं?”

कुणी ठरवलं! ठरवायला काय हवं होतं? तीन वर्षांपूर्वी उपांत्य सामन्यात पुंता चौदा गुणांनी पुढे होतं. मी पोरांसाठी भाताच्या पेजेचं पातेलं घेऊन आत गेले आणि आपण एका गुणाने हरलो. पुढच्या वर्षी नुसती कोपऱ्यात उभी राहिले, तरी हरलो. आणि गेल्या वर्षी तर अंतिम सामना! माझा थोरला भाऊ एफ्रेन, मी त्याला कुया म्हणजे दादा म्हणते, अकरा वर्षं संघाचा कॅप्टन. शेवटचे काही सेकंद, त्याला दोन फ्री थ्रो मिळालेले. मी धावत दारापर्यंत पोहोचले... आणि त्याचे दोन्ही चुकले. सतरा वर्षं आमच्या गावाने कप पाहिलेला नाही. त्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, “नोरिलिन आली ना, म्हणून.” झालं, माझ्या नावाला ते कायमचं चिकटलं.

मग संघाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या आलिंग पासिंग नारळाचा केक घेऊन आमच्या घरी आल्या. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, “बाळ, तुझं काही चुकलं नाही हो. पण यंदा तू गाडी स्टेजच्या मागे लाव. भिंत आहे, सावली असते.” मी हो म्हणाले. संघ काय फक्त त्यांचाच होता? मी लहान असल्यापासून त्याच्या जर्सी धुतल्या होत्या. माझ्या न बघण्याने जर पुंता जिंकणार असेल, तर मी नाही बघणार. खूप रडू आलं होतं, पण ते केक खाताना गिळून टाकलं.

“आणि यंदा?” रुस्तिकोने विचारलं.

“यंदा एकही सामना हरलो नाही.” माझा आवाज मलाच बारीक वाटला. “म्हणजे बघा.”

तो म्हणाला, “यंदा मीही आहे की गावात. माझ्यामुळे जिंकत असतील.”

“तुमच्यामुळे!”

“का? माझी खूण चांगल्या जागी असेल...”

मी व्हिनेगरचा मग उचलला आणि तो पळाला. पण पळतानाही मागे वळून बघत होता!

*

रुस्तिकोला प्रश्न फार पडायचे. यंत्र बंद पडलं की का पडलं, केळ्याला साखर आधी लावायची की नंतर, माझं नाव असं का. (वडील नोर्बेर्तो, आई एवेलिन. दोघांचं अर्धं अर्धं घेतलं.) पण त्याला सगळ्यात जास्त नवल वाटायचं ते माझ्या कानांचं.

कारण मी सामना बघत नसले तरी ऐकत होते. वर्षभर भिंतीला पाठ लावून बसल्यावर कान किती शिकतात! बॉल रिंगला लागला की ‘टंग’ वाजतं. रिंगमागच्या फळीला लागला की ‘धप्’. आणि जाळीतून सरळ गेला, तर काहीच ऐकू येत नाही. एक श्वासभर शांतता... मग गाव ओरडतं. खेळणारेही मला कळायचे. कुया बॉल आपटत येतो तेव्हा दोनदा भरभर, एकदा सावकाश.

“खोटं,” रुस्तिको म्हणाला.

“मग ऐका. आता बॉल कुयाकडे आहे. डावीकडून निघालाय... थांबला. दिला कुणाला तरी. टंग! चुकला. पण बॉल आपल्याकडेच आहे.”

तो धावत स्टेजला वळसा घालून गेला आणि बघून परत आला. “बरोबर!” पुन्हा गेला, पुन्हा आला. त्या दुपारी त्याने नऊ खेपा घातल्या. नवव्या खेपेला धापा टाकत समोर बसला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मी केळं उलटायचं विसरले.

“काय?” मी विचारलं.

“काही नाही. आत एवढी माणसं बघतायत. पण सामना खरा तुम्हीच बघताय.”

असलं काही मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी मान खाली घालून उगाचच साखर ढवळत बसले.

उत्सवाला तीन आठवडे उरले असताना संघातल्या मारासिगानला बोटीवरच्या नोकरीचं बोलावणं आलं आणि तो रातोरात मनिलाला गेला. बाराजणांची यादी अपुरी पडली. गावात राहणारा किंवा गावात काम करणारा, असा कुणीही चालणार होता. आलिंग पासिंगनी बर्फाच्या कारखान्यात जाऊन रुस्तिकोला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“उंची नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” तो म्हणाला.

“खेळता येतं?”

“बोहोलमध्ये सगळ्यांनाच थोडं येतं.”

“इथेही सगळ्यांना थोडंच येतं. म्हणून तर सतरा वर्षं झाली! घे जर्सी.”

जर्सी त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. पाठीवर मारासिगानचंच नाव होतं. तो ती घालून मला दाखवायला आला. मी नाक मुरडलं, आणि तो गेल्यावर एकटीच किती वेळ हसत होते.

*

कारखाना सुटल्यावर तो कोर्टात एकटा सराव करायचा. मी भिंतीच्या अलीकडे गाडी आवरत असायचे. एकदा भिंतीपलीकडून आवाज आला, “सांगा पाहू, काय झालं?”

टंग.

“चुकला,” मी ओरडले.

टंग. टंग. धप्, टंग.

“चुकला. चुकला. आणि हा तर फारच चुकला!”

“कौतुक करायला काही सुचत नाही का?”

“काही झालं तर करेन ना!”

मग बराच वेळ शांतता होती. मी कान दिले. काहीच ऐकू येईना. आणि एकदम तो स्टेजला वळसा घालून धावत माझ्यासमोर, घामाने डबडबलेला. “तू काहीच बोलली नाहीस!”

“काही ऐकूच आलं नाही.”

“म्हणजे गेला ना! सरळ जाळीतून! सलग चार!”

तो मला ‘तू’ म्हणाला होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मी पटकन तवा पुसायला घेतला.

“हे काय,” तो हळूच म्हणाला. “चार गेले म्हणून सांगायला आलो, तर तुझं लक्ष तव्याकडे. नोरिलिन, तू माझ्याकडे कधी बघत का नाहीस?”

“बघते की.”

“नाही बघत. पहिल्या दिवशी बघितलंस, व्हिनेगर टाकताना. तेव्हापासून केळी, साखर, तवा, आकाश... मी सोडून सगळं.”

काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “जे मला आवडतं, त्याच्याकडे मी बघत नाही. बघितलं की बिघडतं.”

बोलून गेले... आणि काय बोलले ते मग कळलं. चेहरा भट्टीसारखा तापला. त्याने फळीवरचा चिमटा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. मग म्हणाला, “यंत्र बिघडलं तर मी कारण शोधतो. कधी कधी कारण सापडतं. कधी कधी ते नुसतंच बंद पडलेलं असतं, आणि त्याचा कुणाशी काही संबंध नसतो.”

“संघ म्हणजे यंत्र नाही.”

“मीही नाही,” तो म्हणाला. “मी बघण्याने बिघडत नाही. करून बघ.”

मी नाही बघितलं. धीरच झाला नाही. तो गेल्यावर मात्र, पार वळणावर पोहोचेपर्यंत, त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

*

संत पेद्रोच्या उत्सवाच्या दिवशी दुपारी तीनला अंतिम सामना होता, पुंता विरुद्ध शेजारचं बायबाय. सकाळी मिरवणूक झाली, होड्यांना पवित्र पाणी शिंपडलं. दुपारी सगळं गाव कोर्टात शिरलं. मी स्टेजमागे. आज जिंकलो तर कप आपला. आणि हरलो, तरी मी बघितलेलं नसेल. निदान या खेपेला कुणी माझं नाव घेणार नव्हतं.

अर्ध्या वेळेपर्यंत सगळं कानांवर येत होतं. पुंता चार गुणांनी मागे होतं. मध्यंतरात रुस्तिको आला. त्याची जर्सी कोरडी ठणठणीत होती, कारण त्याला एक मिनिटही खेळवलं नव्हतं.

“आत ये,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का?”

“परवा माझं काम संपतंय. मला तुझ्याबरोबर एक सामना बघायचा आहे. बाकावर बसून का होईना!”

“आणि हरलो तर?”

“तर हरलो.”

“तुला सोपं आहे. तू परवा जाशील. मला इथेच राहायचंय, रुस्तिको. या सगळ्यांमध्ये, ते नाव घेऊन.” माझा आवाज चढला होता. “मला बघायचं नाही असं वाटतं तुला? तीनशे पासष्ट दिवस मला तेच वाटतं!”

शिट्टी वाजली आणि त्याला जावं लागलं.

आणि मग पाऊस आला. कोर्टाच्या पत्र्यावर असा कोसळला की बाकी सगळे आवाज बुडाले. टंग नाही, धप् नाही, ओरडा नाही. मी भिंतीला कान लावला. नुसता पत्रा वाजत होता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. वर्षभरात पहिल्यांदाच मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कोण पुढे आहे? कुया थकला का? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एवढ्यात पावसातून कुणीतरी आलं आणि माझ्या ताडपत्रीखाली बसलं. एफ्रेन कुया! जर्सी घामाने आणि पावसाने अंगाला चिकटलेली.

“कुया! सामना संपला?”

“माझा संपला. पाचवा फाउल.” त्याने ओंजळीत तोंड लपवलं. “दोन मिनिटं आहेत, एका गुणाने मागे. मला बाकावर बसून बघवेना, नोरी.”

“तुझ्या जागी कोण आहे?”

“पोरांतल्या एकाचा पाय मुरगळला, दोघं माझ्यासारखेच फाउलवर बाहेर, उरलेले दमून गेलेत. तो बर्फवाला खेळतोय.” मग माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, “तुला एक सांगायचंय. गेल्या वर्षी... मी दोन्ही फ्री थ्रो चुकलो. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मला सोसलं नाही गं. तू दारात दिसलीस. ‘नोरिलिन आली ना, म्हणून’... ते मीच म्हणालो होतो. गमतीत म्हणालो. मग सगळ्यांनी उचललं आणि मी उचलू दिलं.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. माझा सख्खा भाऊ. मी त्याचे डबे भरले, त्याच्या जर्सी धुतल्या, त्याच्यासाठी वर्षभर भिंतीकडे पाठ करून बसले.

“वर्षभर, कुया?” मी म्हणाले. “वर्षभर तुला तोंड उघडता आलं नाही?”

तो रडत होता. मला त्याचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्याची दयाही आली होती. पण दोन्हीसाठी तेव्हा वेळ नव्हता. मी स्टोव्ह बंद केला, हात पुसले आणि भर पावसात स्टेजला वळसा घातला.

*

किती रंग होते आत! मी विसरूनच गेले होते. वर पताका, खाली लाल आणि निळ्या जर्सी, कठड्यावर चढलेली माणसं. पाटीवर एकाहत्तर-सत्तर, बायबाय पुढे. नऊ सेकंद उरले होते आणि बॉल आपल्याकडे होता.

दारात मला बघून पहिल्यांदा एका म्हातारीने छातीवर क्रूस काढला. मग कुजबुज सुरू झाली. आलिंग पासिंग रोझरीची जपमाळ हातात धरून वळल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मागे फिरले नाही.

बायबायची सगळी उंच पोरं आमच्या उंच पोरांना चिकटून होती. बुटक्या बर्फवाल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून बॉल त्याच्याकडे आला. त्याने मान वर केली आणि त्याला मी दिसले. खरं सांगते, त्या घाईतही तो हसला!

मी त्याच्याकडे बघितलं. सरळ, डोळे भरून.

बॉल त्याच्या हातातून सुटला. किती सुंदर उंच गेला... सगळं गाव उठून उभं राहिलं. बॉल रिंगवर पडला, एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि बाहेर पडला.

भोंगा वाजला. बायबायवाले नाचायला लागले. आमच्या बाजूला कुणी हललंही नाही. मग एकेक मान माझ्या दिशेने वळायला लागली. कुणीतरी म्हणालंच, “नोरिलिन आली होती...”

“थांबा!”

रुस्तिकोने गुण मोजणाऱ्यांच्या टेबलाकडे जाऊन माईक घेतला होता. तो धापा टाकत होता. “थांबा. तो शॉट मी चुकवला. कोपर बाहेर गेलं माझं, आणि हात ओला होता. तो पूर्ण माझा आहे. आयुष्यात एकदाच मला अंतिम सामन्यात बॉल मिळाला, त्यातलं काहीही मी कुणाला देणार नाही. नोरिलिनला तर नाहीच नाही. तिला काही द्यायचं असेल तर मी दुसरं काहीतरी देईन.”

गर्दीत शिट्ट्या वाजल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात माझ्या मागून भिजलेला कुया पुढे गेला आणि त्याने माईक घेतला. “गेल्या वर्षीचे दोन माझे होते,” तो म्हणाला. आवाज फुटला होता, पण म्हणाला. “तिचं नाव पहिल्यांदा घेतलं तेही मीच. माझ्या बहिणीची मी सगळ्यांसमोर माफी मागतो.”

तेव्हा आलिंग पासिंग जोरात नाक शिंकरून म्हणाल्या, “आणि आज मी रोझरीचा एक मणी सोडून पुढे गेले. घाबरून! मग मलाही बसवा स्टेजमागे.”

आधी एकजण हसला. मग दहा. मग सगळं कोर्ट हसायला लागलं, हरलेलं असून. कुणीतरी माझ्यासाठी पुढच्या रांगेतली खुर्ची सरकवली. आता बसून बघायला काही उरलंच नव्हतं, तरी मी बसले. एकदम रडू कोसळलं. आणि सांगू का? फार बरं वाटत होतं. हरलेला सामना होता, पण मी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता.

थोड्या वेळाने शेजारच्या खुर्चीवर ती गुडघ्यापर्यंतची जर्सी येऊन बसली.

“बघितलंस माझ्याकडे,” तो म्हणाला.

“हो. आणि चुकवलास.”

“मी सरावातही चुकवतोच. तूच मोजायचीस.”

पाऊस ओसरत होता. पोरं पताका काढायच्या की उद्यापर्यंत ठेवायच्या यावरून भांडत होती.

“परवा जाणार?” मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

“कारखान्याच्या मालकाला सकाळीच विचारलं. म्हणाला, राहतोस तर राहा, यंत्रं जुनी आहेत, रोज काहीतरी बिघडणारच.” तो हाताच्या बोटांशी चाळा करत होता. “पण ते यंत्रांचं झालं. मी... तुझ्यासाठी राहतोय, नोरिलिन. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. डोळे चुरचुरत होते तेव्हापासून.”

माझ्या छातीत बॉल आपटावा तसं काहीतरी चाललं होतं.

“आणि संघ?” मी विचारलं.

“पुढच्या वर्षी आहे की.”

“पुढच्या वर्षीही हरलो तर?”

“तर त्याच्या पुढच्या वर्षी.”

“म्हणजे मी दरवर्षी इथे बसून तुला हरताना बघायचं?”

“रोजचा सराव आहे, कधीतरी जिंकूही,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, “पण हो... दरवर्षी. चालेल?”

सगळं गाव आमच्याकडे बघत होतं. बघू दे म्हटलं. मी सगळ्यांसमोर त्याचा ओला हात हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, “चालेल.”